ऑफिसची दिवाळी: यंदा मजल्यावर किल्ले करायचे आहेत, मदत हवी

रानजाई

नमस्कार मंडळी,

आमचं ऑफिस पुण्यात बाणेरला आहे. चौथा मजला, माणसं ८८. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला येतंय, म्हणून ऑफिसची दिवाळी गुरुवारी, ५ तारखेला करायची ठरली आहे. जबाबदारी माझ्यावर आणि आणखी तिघांवर आली आहे.

आमच्याकडे दरवर्षी एक थीम असते. बॉलिवूड झालं, रेट्रो झालं, एकदा राजस्थान झालं. सजावटवाले सकाळी येतात, चार तासांत सगळं उभं करतात. आपण नटून जातो, फोटो काढतो, जेवतो. संध्याकाळी तेच लोक सगळं गुंडाळून नेतात. मागच्या वर्षी मी लॅपटॉप विसरले म्हणून परत वर गेले, तर हाउसकीपिंगच्या मावशी एकट्याच गालिच्यात अडकलेली चमकी हातानं वेचत होत्या. रात्रीचे साडेआठ वाजले होते. जेवलात का विचारलं, तर म्हणाल्या, "संपलं होतं ताई." ते माझ्या मनातून वर्षभर गेलं नाही.

म्हणून यंदा मी 'किल्ला' ही थीम मांडली आणि ती मंजूर झाली. २०२५च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. हे किल्ले विभागवार वाटून घ्यायचे आणि आपल्या हातांनी, मातीत बांधायचे. विकतची सजावट काहीही नको. मावशी, सुरक्षारक्षक, कँटीनची मुलं, सगळ्यांची नावं गटांमध्ये हवीत आणि जेवायला सगळे एका पंगतीत हवेत.

आता अडचणी. लहानपणी किल्ला अंगणात केला होता, एसीच्या मजल्यावर कधी नाही. माती कशी सांभाळायची? हळीव उगवेल का? बारा किल्ले झेपतील का? जेवणाला माणशी ४५० रुपये मंजूर झालेत, त्यात काय करावं? ज्यांनी असं काही केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कसबेकर

वाचून फार बरं वाटलं. मी ३२ वर्षं किल्ला करतोय, आधी वाड्यात, आता सोसायटीत. जे माहीत आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, बारा करू नका. ८८ माणसांत बारा किल्ले म्हणजे किल्ल्यामागे सात जण. त्यातले दोघे रजेवर आणि दोघे मीटिंगमध्ये असणार. पाच करा आणि नीट करा. एकेक किल्ला ४ फूट बाय ४ फूट, उंची अडीच फुटांच्या आत.

आत विटा-दगड भरू नका, वजन भलतंच होतं. भाजीचे रिकामे प्लॅस्टिकचे क्रेट उपडे घाला, चढउतारासाठी त्यावर लहानमोठे डबे ठेवा. खोकी वापरायचा मोह होईल, पण ओल लागली की खोकं खचतं आणि दुसऱ्या दिवशी बालेकिल्ला खाली बसलेला असतो. खाली जाड ताडपत्री घाला आणि तिच्या कडा चारही बाजूंनी चार बोटं उभ्या दुमडून चिकटपट्टीनं बसवा, म्हणजे पाणी बाहेर येणार नाही.

गोणपाट पाण्यात भिजवून पिळून घ्या. लाल माती चाळून तिची दह्याइतकी दाट राबडी करा, त्यात गोणपाट बुडवा आणि सांगाड्यावर टाका. टाकल्यावर ताणून सपाट करायचं नाही. ज्या चुण्या पडतात त्याच तुमच्या सोंडा आणि घळी. नवखी माणसं इथेच चुकतात, चादर घातल्यासारखं गोणपाट गुळगुळीत करतात आणि मग डोंगराचा ढिगारा दिसतो. थोडं सुकलं की वरून कोरडी चाळलेली माती भुरभुरवा. चाळणीत उरलेले खडे टाकू नका, पायवाटांच्या कडेला लावायला तेच लागतात.

हळीव पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होतं, त्यामुळे उभ्या कड्यालाही चिकटून बसतं. सपाटीवर मात्र कोरडंच पेरा. गुरुवारी कार्यक्रम असेल तर शनिवारी, ३१ तारखेला पेरा, पाचव्या दिवशी छान हिरवं दिसेल. पाणी झारीनं घालायचं नाही, फवाऱ्यानं मारायचं.

चित्रं, म्हणजे मावळ्यांच्या वगैरे छोट्या मूर्ती, कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणा, मातीची आणा. महाराजांचं आसन गडाच्या सगळ्यात उंच जागी, बाकी सगळं त्याखाली. आणि बांधताना चपला-बूट ताडपत्रीच्या बाहेर.

देखभाल_खराडी

मी इमारतींच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो. हे आधी पाहिलं नाहीत तर आदल्या दिवशी कुणीतरी येऊन सगळं थांबवेल.

इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. त्यात माती, पाणी आणि वजन हे तिन्ही शब्द असू द्यात. 'सजावट' एवढंच लिहून परवानगी घेतलीत तर मातीची पोती फाटकावर अडवतील. पोती मालाच्या लिफ्टनं आणि सकाळी नऊच्या आधी न्या. काही ऑफिसांत फरशीखाली पोकळी असते आणि तिच्यातून वायरी गेलेल्या असतात. तशी फरशी असेल तर त्या भागात किल्ला नकोच. पँट्रीजवळची किंवा लॉबीची पक्की फरशी शोधा.

पणत्या, उदबत्त्या, धूप काहीही नको. छतातले धुराचे सेन्सर वाजले तर ८८ माणसं जिन्यानं खाली जातील, शिवाय बाकीच्या मजल्यांवरची वेगळी. बॅटरीवरचे दिवे घ्या. एसीच्या झोतासमोर कोरडी माती भुरभुरवू नका, धूळ थेट कॉम्प्युटरच्या पंख्यात जाते.

थर्माकोलही नको. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

आणि रानजाई, मावशींबद्दल लिहिलंत ते पोचलं. आमच्याकडच्या हाउसकीपिंगच्या मुली-बायका हे वर्षानुवर्षं बघत आल्यात. त्यांना गटात घेताय तर एक गोष्ट करा: त्यांच्या कंत्राटदाराला आधी पत्र द्या, की त्या दिवशी दुपारी १२ ते ४ त्या कार्यक्रमात असतील आणि ती वेळ कामाचीच धरायची. नाहीतर तोंडानं 'या, या' म्हणाल, त्या लाजत येतील, आणि त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाईल. मी हे होताना पाहिलंय.

रानजाई

कसबेकर, चुण्यांचं वाचून मला आमच्या अंगणातला किल्ला आठवला. बाबा अगदी हेच सांगायचे.

देखभाल_खराडी, कंत्राटदाराला पत्र द्यायचं मला सुचलंच नसतं. आजच मसुदा करते. आमच्याकडे लॉबीत पक्की फरशी आहे, तिथे तीन बसतील. उरलेले दोन पँट्रीसमोर.

पाच किल्ले कुठले घ्यावेत?

इतिहासप्रेमी

निवड करताना बाराही किल्ले डोळ्यांसमोर ठेवा. हे सगळे एकाच साच्याचे नाहीत आणि वारसा यादीत त्यांचं एकत्र असणं त्यामुळेच महत्त्वाचं आहे. साल्हेर उंच डोंगरावरचा, समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग पाण्यातले. विजयदुर्ग खाडीच्या तोंडाशी. प्रतापगड जावळीच्या झाडीतला. पन्हाळा विस्तीर्ण पठाराचा. पाचही डोंगरी घेतलेत तर पाच सारखेच ढीग दिसतील.

माझी निवड: राजगड, रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, जिंजी. राजगड ही आधीची राजधानी, रायगड नंतरची, जिथे ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. पन्हाळ्याहून १६६० च्या जुलैत महाराज निसटले. आणि जिंजीनं स्वराज्य तगवलं: संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज तिथे गेले आणि मोगलांच्या वेढ्यात १६९८ पर्यंत ती दक्षिणेतली राजधानी राहिली.

विनंती एवढीच, की किल्ल्याशेजारी माहितीचा फलक लावाल तो व्हॉट्सॲपवरच्या मजकुराचा नको. प्रत्येकी चारच ओळी, पण पक्क्या. आणि लढाईचे प्रसंग मांडू नका, वास्तू मांडा. दरवाजा कुठे दडवला, पाणी कुठे साठवलं, धान्य कुठे ठेवलं. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं आहेत, त्यातलं एक जरी नीट दाखवलंत तरी बघणाऱ्याला गड कळेल.

चेन्नईकर

जिंजी घेताय हे वाचून राहवलं नाही. मी १२ वर्षं चेन्नईत आहे, जिंजीला चार वेळा गेलोय. तिंडिवनमहून तिरुवन्नामलैच्या रस्त्यावर लागतो. तिथे जिंजीला 'सेंजी' म्हणतात.

जिंजी म्हणजे एक डोंगर नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग असे तीन डोंगर आणि त्यांना गुंफणारी तटबंदी. डोंगरही सह्याद्रीसारखे नाहीत. भल्यामोठ्या गोल शिळा एकावर एक रचल्यासारखे दिसतात. त्यामुळे गोणपाटाची युक्ती इथे चालणार नाही. नदीतले गोटे गोळा करा आणि तेच रचा. हिरवळ अगदी थोडी. पायथ्याशी कल्याण महाल आहे, मजल्यावर मजला चढलेला, वर निमुळता होत जाणारा. तो पुठ्ठ्याचा करा, त्यावरून बघणारा लगेच ओळखेल.

तुमच्या ऑफिसात तमिळ मंडळी असतील तर हा किल्ला त्यांच्याच हाती द्या. माझ्या इथल्या एका सहकाऱ्याचं आजोळ जिंजीजवळ आहे. राजाराम महाराज तिथे सात-आठ वर्षं राहिले हे मी त्याला सांगितलं आणि डोंगराभोवतीच्या त्याच्या लोककथा त्यानं मला सांगितल्या. त्या दिवसापासून आमचं बोलणंच वेगळं झालं.

नवी_नोकरी

मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचंय. कृपया वेशभूषेची सक्ती करू नका.

माझी ही तिसरी नोकरी. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवाळीला 'पेशवाई' थीम होती. मुलींनी नऊवारी, नथ, खोपा. भाड्यानं घ्यायचं तर साडी, दागिने आणि नेसवणारीचे वेगळे पैसे. तेव्हा मी महिन्याच्या शेवटी बसच्या पासचाही हिशोब करत होते. गटात सगळ्या जणी दुकानांचे पत्ते टाकत होत्या. मी 'ताप आहे' म्हणून कळवलं आणि दिवसभर खोलीवर बसले. संध्याकाळी सगळ्यांचे फोटो आले. त्यानंतर बरेच महिने मी त्या मुलींबरोबर डबा खायला बसत नव्हते.

मागून कुणीतरी म्हणालं, अगं सांगायचंस की. पण ते सांगता येत नाही ना. वर्गणीचंही तेच. 'ऐच्छिक' म्हणतात आणि कुणी किती दिले त्याची यादी सगळ्यांना दिसते.

रानजाई

नवी_नोकरी, तुम्ही हे लिहिलंत म्हणून खरंच आभार. कालच आमच्या चौघांत फेटे आणि नऊवारीवर चर्चा झाली होती आणि मी 'हो, छान दिसेल' म्हणाले होते. आज सकाळी तो मुद्दा काढून टाकला. निरोप असा गेला: शनिवारी मातीत मळले तरी चालतील असे कपडे, गुरुवारी जे आवडेल ते. वर्गणी अजिबात नाही. किल्ल्याचा सगळा खर्च सजावटीच्या रकमेतून, कारण सजावटवाल्यांना द्यायचे पैसे वाचलेच आहेत.

खाडीकाठ

मी मूळचा मालवणचा, हल्ली ठाण्यात. बेत बरो आसा!

सिंधुदुर्गाबद्दल सांगतो. कुरटे बेटावरचं बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झालं आणि तीन वर्षं चाललं. किल्ल्यासमोर होडीतून उतरेपर्यंत दरवाजा दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात दडलेला आहे. तुमच्या गटानं दरवाजा समोरच दणदणीत केला तर सिंधुदुर्गाचं मर्मच गेलं. तट सरळ नाही, नागमोडी आहे. मातीपेक्षा शाडूची लांब वळी करून ती वाकवत न्या, सोपं पडेल.

आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ह्या तीन विहिरी. त्या नक्की दाखवा. महाराजांचं मंदिरही आत आहे.

समुद्रासाठी खरं पाणी भरू नका, गळणारच. निळ्या रांगोळीवर पांढऱ्या रांगोळीनं लाटा काढा. रांगोळीचं काम तुमच्या मावशींपैकी कुणाला येत असेल तर तोच गट त्यांना द्या. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात रोज उंबऱ्याशी रांगोळी काढणाऱ्या बाई आहेत, ठिपके न मांडता थेट काढतात.

राइनकाठची_मीना

जर्मनीतून लिहितेय. एसीत हळीव उगवेल का म्हणून विचारलंय ना, इथे नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो, तरी उगवतं. हळिवाला इथे 'क्रेसे' म्हणतात. सुपरमार्केटात छोट्या ट्रेमध्ये उगवलेलं विकायला असतं, पावावर लोणी लावून त्यावर घालून खातात. पहिल्या वर्षी तो ट्रे हातात घेऊन मी दुकानात उभीच राहिले, किल्ल्याची हिरवळ खाऊच्या कप्प्यात! तेव्हापासून मुलांबरोबर खिडकीत छोटा किल्ला करते.

उजेड कमी पडला तर रोप लांबुळकं आणि पिवळट होतं, म्हणून पेरल्यापासून वर साधा टेबललॅम्प लावून ठेवा. शनिवार-रविवार कोण फवारा मारणार ते मात्र आत्ताच ठरवा. एसीची हवा मातीचा वरचा थर पार सुकवते. आमच्याकडे हीटर तेच करतो, दिवसातून तीनदा तरी पाणी लागतं.

भाकरीवाली

जेवणाचं मी सांगते. आमचा बचत गट आहे, ऑफिसच्या ऑर्डरी घेतो.

ह्या थीमला शिदोरी शोभेल: ज्वारीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं, ठेचा, कांदा, दही, वर गूळ-शेंगदाणे. माणशी ४५० मध्ये आरामात बसेल, वर गोडाला पैसे उरतील. ८८ अधिक सुरक्षा, हाउसकीपिंग, कँटीन धरून १०० माणसं धरा. माणशी दोन भाकरी म्हणजे २००. एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात, त्या हिशोबानं १८ ते २० किलो पीठ. पिठल्याला तीन किलो बेसन पुरे.

गार झालेली ज्वारीची भाकरी कडक होते, ती ऑफिसात गरम करून पुन्हा तशी होत नाही. म्हणून दोनशे भाकऱ्या एकदम मागवू नका. शंभर साडेबाराला आणि शंभर सव्वाला, अशा दोन खेपा सांगा. कापडात गुंडाळून टोपलीत आणायला सांगा, बंद प्लॅस्टिकच्या डब्यात वाफ धरते आणि खालच्या भाकऱ्या चिकट होतात.

फराळ मात्र घरून येऊ द्या, पण ज्याला जमेल त्यानंच, मूठभर आणला तरी चालेल. कुणाची कडबोळी, कुणाचे अनारसे, तुमच्या तमिळ मंडळींचं मुरुक्कू, उत्तरेकडच्यांची गुजिया. एकच मोठं टेबल करा आणि कुणी काय आणलं त्याच्या चिठ्ठ्या लावू नका. नवी_नोकरीनं लिहिलंय ते ध्यानात ठेवा.

रायगड_पायी

बक्षीस ठेवणार आहात का? पाच गट म्हणजे स्पर्धा हवीच. चुरस असली की लोक जीव ओतून काम करतात.

कसबेकर

माझं मत विरुद्ध आहे. आमच्या सोसायटीत पाच वर्षं स्पर्धा होती. तिसऱ्या वर्षी पालकच किल्ले करायला लागले, पाचव्या वर्षी तयार किल्ला विकत आला. परीक्षक गेले आणि मुलं परत मातीत आली. इथे तर विभाग आहेत. ज्या विभागाचा साहेब परीक्षकाचा मित्र, त्याच्याबद्दल कुजबुज होणारच.

त्यापेक्षा प्रत्येक गटानं आपला गड बाकीच्यांना पाच मिनिटं फिरवून दाखवायचा. वाट कुठून, दरवाजा कुठे, पाणी कुठे. हे सांगायचं म्हटलं की माणूस आपोआप नीट बांधतो.

रानजाई

स्पर्धा नाही, गड फिरवून दाखवायचा. ठरलं.

आता परवाची हकिगत सांगते. पाचही किल्ले ठरले, कागदावर आखणी झाली. राजगड माझ्या गटाकडे आहे. मी इंटरनेटवरचा नकाशा बघून मोठ्या पुठ्ठ्यावर तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सपाट्या, काढल्या आणि पुठ्ठा लॉबीत भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी निघताना बघते तर आमचे रात्रपाळीचे सुरक्षारक्षक काका त्याच्यासमोर उभे. दोन वर्षं रोज 'गुड इव्हिनिंग मॅडम' एवढंच बोलणं. ते म्हणाले, "मॅडम, सुवेळा उलट्या बाजूला गेलीय."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर काका गुंजवण्याचे! राजगडाच्या पायथ्याचे. लहानपणी गडावर गुरं घेऊन जायचे. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आधी सूर्य काढला आणि म्हणाले, "हा उगवतो ती सुवेळा. मावळतो ती संजीवनी. आणि आमच्या गावाकडं बघते ती पद्मावती." मग सुवेळा माचीवर एक छोटं गोल काढलं. ते नेढं, डोंगराला आरपार असलेलं भोक. म्हणाले, नेढ्यात बसलं की वारा एवढा लागतो की डोक्यावरची टोपी हातात धरावी लागते. चोरदरवाज्याची वाट काढताना त्यांचं बोट दोनदा थांबलं. "इथं कातळात पाय ठेवायला खोबण्या आहेत, त्या दाखवाल ना?"

अर्धा तास गेला. मी खाली फरशीवर बसले होते, काका उकिडवे. लिफ्टमधून आमचे संचालक बाहेर आले, त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि तेही टेकले.

काका आता राजगडाच्या गटाचे प्रमुख आहेत. मी त्यांच्या हाताखाली. कंत्राटदाराला पत्र गेलं, त्याचं होकारार्थी उत्तरही आलं. शनिवार-रविवारचा फवारा काका आणि दुसरे रक्षक पाळीपाळीनं मारणार. गुरुवारी गड दाखवायची पाच मिनिटं काकांची. ते म्हणाले, पाचात होणार नाही, म्हणून दहा दिलीत.

रांगोळीचंही झालं. मावशींना सिंधुदुर्गाच्या लाटांबद्दल विचारलं. त्यांनी लगेच विचारलं, निळा रंग फिका हवा की गडद, आणि किती किलो.

कसबेकर, एक विचारायचं राहिलं. ४ बाय ४ च्या एका किल्ल्याला गोणपाटं किती लागतील?

कसबेकर

सहा पुरतात. राजगडाला आठ घ्या, तीन माच्या आहेत. आणि काकांना विचारा, नेढ्यासाठी आत पाइपचा तुकडा आधीच बसवून घ्यायचाय का. वरून माती पडल्यावर भोक पाडायला गेलात तर कडा ढासळेल.

रानजाई

विचारलं. म्हणाले, पाइप नको, नारळाची अर्धी करवंटी तळाला भोक पाडून बसवा, कड खडबडीत दिसेल.